रोमँटिक कवितेतलं प्रतीक नि आशय कसा शोधायचा: ‘वारा म्हणजे क्रांती’ लिहायच्या आधी करायची कामं

टीवायबीए, एमए, नेट-सेट, कुठलीही परीक्षा घ्या, इंग्रजी रोमँटिक कवितेवरच्या (म्हणजे प्रेमकविता नव्हे, ब्लेक, वर्ड्सवर्थ, कोलरिज, शेली, कीट्स यांच्या काळातली कविता) उत्तरात एकच गोष्ट परत परत दिसते. पोरं प्रतीकांची यादी पाठ करून येतात. गुलाब म्हणजे प्रेम, पक्षी म्हणजे स्वातंत्र्य, वारा म्हणजे क्रांती, चंद्र म्हणजे कल्पनाशक्ती. मग कविता कुठलीही येवो, यादीतला अर्थ उचलायचा आणि चिकटवायचा.

हे किती फसतं ते बघा. ब्लेकची ‘द सिक रोज’ फक्त आठ ओळींची कविता आहे. गुलाब आजारी आहे आणि रात्री, वादळात उडणारा एक न दिसणारा किडा त्याच्यात शिरलाय. ‘गुलाब म्हणजे प्रेम आणि किडा म्हणजे प्रेमाचा नाश’ असं सर्रास लिहिलं जातं, पण कविता नीट वाचली तर त्यात प्रेम गुलाबाचं नाहीच, प्रेम किड्याचं आहे, आणि त्या किड्याचं काळं, लपवलेलं प्रेमच गुलाबाचा जीव घेतंय. म्हणजे यादीने अर्थ पार उलटा केला, तोही आठ ओळींत.

तर खाली टप्पे दिलेत. क्रम महत्त्वाचा आहे, तो मोडू नका. मुख्य उदाहरण म्हणून शेलीची ‘ओड टू द वेस्ट विंड’ घेतलीय, कारण ती जवळपास सगळ्या सिलॅबसमध्ये असते आणि सगळ्यात जास्त वाट तिचीच लागते. मध्येमध्ये कोलरिज, कीट्स, वर्ड्सवर्थ येतील.

## आधीची तयारी

१. कवितेची कोरी प्रत घ्या. गाईडमधली नको, कारण तिथे प्रत्येक कडव्याखाली अर्थ छापलेला असतो आणि डोळा आपोआप खाली जातो. या कविता कॉपीराइटच्या बाहेर आहेत, फुकट मिळतात, प्रिंट काढा.

२. ओळींना नंबर द्या. शेलीच्या या कवितेत पाच भाग आहेत, प्रत्येकात १४ ओळी, एकूण ७०. तुमच्या प्रतीत ७० भरत नसतील तर काहीतरी गळलंय.

३. कुठली आवृत्ती ते बघा. बऱ्याच कवितांना याचा फरक पडत नाही, पण कोलरिजच्या ‘एन्शंट मरिनर’ला (एका म्हाताऱ्या खलाशाची गोष्ट सांगणारी कविता) भरपूर पडतो. ती आधी १७९८ मध्ये छापली गेली आणि १८१७ च्या आवृत्तीत कोलरिजने समासात स्वतःच्या टिपा घातल्या. त्या टिपा कवितेच्या ओळी नाहीत, आणि उत्तरात ‘कवितेत म्हटलंय’ असं लिहून टीप उचलली तर परीक्षक तिथेच लाल पेन उघडतो.

४. दोन रंगांच्या पेन्सिली. एक वस्तूंसाठी, एक क्रियापदांसाठी. का ते पुढे कळेल.

थांबा: या वेळेपर्यंत कवीचं चरित्र, यूट्यूबवरचा सारांश, मित्राच्या नोट्स यातलं काहीही वाचलेलं नसावं. ते सातव्या टप्प्यावर. वाचून झालंच असेल तर निदान वही बंद करून बसा.

## टप्पा १: साधा अर्थ, कुठलंही प्रतीक न लावता

कविता दोनदा मोठ्याने वाचा. मग प्रत्येक भागात नक्की काय घडतंय ते आपल्या मराठीत एकदोन वाक्यांत लिहा. ‘सूचित होतं’, ‘दर्शवतं’ असले शब्द इथे बंद.

शेलीचं असं होईल. पहिला भाग: शरदाचा पश्चिम वारा मेलेली पानं हाकलतोय आणि बिया जमिनीत नेऊन ठेवतोय. दुसरा: तोच वारा आकाशात ढग आणि वादळ घेऊन चाललाय. तिसरा: तोच समुद्रावर, भूमध्य समुद्राला उन्हाळ्याच्या झोपेतून उठवतोय, अटलांटिकच्या लाटा दुभंगतोय. चौथा: मी पान असतो, ढग असतो, लाट असतो तर बरं झालं असतं, मला उचल, मी काट्यांवर पडलोय. पाचवा: मला तुझं वाद्य कर, माझे मेलेले विचार पानांसारखे जगभर पसरव, आणि हिवाळा आला तर वसंत फार लांब असेल का?

इतकंच. हे पाच तुकडे जमले नाहीत तर पुढे जाऊ नका, कारण साधा अर्थ चुकला की प्रतीक शंभर टक्के चुकतं.

## टप्पा २: त्या देशाचा ऋतू, त्या देशाच्या वस्तू

हा टप्पा आपल्याकडे जवळपास सगळे गाळतात आणि खरं नुकसान इथेच होतं.

आपल्याला पश्चिमेचा वारा म्हटलं की अरबी समुद्रावरून येणारा पाऊस आठवतो. जून, पेरणी, हिरवंगार. शेलीचा वारा तसला नाही. ही कविता १८१९ च्या शरदात इटलीत, फ्लॉरेन्सजवळ आर्नो नदीकाठच्या रानात सुचली, आणि शेलीने स्वतःच टीप दिलीय की त्या दिवशी वारा शरदातल्या पावसाचे ढग गोळा करत होता आणि संध्याकाळी गारांसकट वादळ झालं. म्हणजे हा वर्ष संपवणारा वारा आहे.

पानगळीचंही तेच. आपल्याकडे पानं झडतात ती साधारण माघ-फाल्गुनात आणि लगेच पळस पेटतो, म्हणजे पानगळ आणि वसंत जवळपास हातात हात घालून येतात. तिकडे पानं झडली की मध्ये अख्खा हिवाळा आहे, बर्फ, अंधार, उघडी झाडं, महिनोन् महिने. शेवटच्या ओळीतला प्रश्न त्या लांबलचक मधल्या काळाबद्दल आहे. हे डोक्यात नसेल तर तो प्रश्न नुसता सुविचार वाटतो, व्हॉट्सॲपवर फिरतो तसा.

कीट्सच्या ‘टू ऑटम’लाही हीच काळजी घ्या. आपला शरद म्हणजे धुतलेलं आकाश, कोजागरी. त्याचा ऑटम म्हणजे सुगी, सफरचंदाच्या रसाचा घाणा, थंड प्रदेश सोडून जायला जमलेल्या पाकोळ्या.

वस्तूंची पण यादी करा. शेलीच्या पाचव्या भागात ‘लायर’ येतं. आपण वीणा समजून पुढे जातो, जिला वाजवणारा माणूस लागतो. इथे अपेक्षित आहे ती वाऱ्यावर वाजणारी, त्या काळी घरात खिडकीत ठेवायचे ती तारांची पेटी, इओलियन हार्प, जिला हात लावायचाच नसतो. कोलरिजची याच वाद्यावर १७९५ ची अख्खी कविता आहे. आता ‘मला तुझं वाद्य कर’ ही मागणी परत वाचा, कवी स्वतःचे हात बाजूला काढून घेतोय.

तपासणी: कवितेतला ऋतू, महिना, जागा आणि दोन-तीन अनोळखी वस्तू याबद्दल तुम्हाला एकेक वाक्य सांगता येतंय का?

## टप्पा ३: ‘मी’ कोण, आणि तो कधी येतो

कवितेत बोलणारा आणि कवी हे एकच धरू नका. वर्ड्सवर्थच्या डॅफोडिल्सच्या कवितेतला ‘मी’ ढगासारखा एकटा भटकतोय. प्रत्यक्षात १५ एप्रिल १८०२ ला बहीण डॉरोथी त्याच्याबरोबर होती आणि तिने त्या फुलांबद्दल आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलंय. म्हणजे एकटेपण त्याने ठरवून घातलंय, आणि का घातलं हाच अभ्यासाचा प्रश्न आहे. (गंमत म्हणजे त्या कवितेतल्या एकांताच्या सुखाच्या दोन सगळ्यात गाजलेल्या ओळी त्याच्या बायकोने, मेरीने सुचवलेल्या. एकांत तिघांनी मिळून लिहिलाय.)

आता शेलीकडे. पेन्सिलने पहिला ‘मी’ शोधा. पहिल्या तीन भागांत, म्हणजे ४२ ओळींत, तो नाही, सगळं ‘तू, तू’ चाललंय आणि प्रत्येक भाग ‘ऐक’ म्हणून संपतो. ‘मी’ चौथ्या भागात येतो आणि तोही ‘असतो तर’ असा. ही एवढी गोष्ट नोंदवली तरी तुमचं उत्तर गठ्ठ्यातल्या इतर उत्तरांपेक्षा वेगळं दिसतं.

## टप्पा ४: एक वस्तू निवडा आणि तिचा पाठलाग करा

इथे वेळ घालवा, सगळा माल इथे आहे.

नियम असा की जी वस्तू कमीत कमी तीन वेळा येते आणि दर वेळी थोडी बदलते तीच उचलायची. एकदाच आली तर ती बहुतेक उपमा असते, सोडून द्या. दुसऱ्या भागात वाऱ्यावर उडणाऱ्या ढगांना बेभान मीनडच्या (ग्रीक मद्यदेवतेच्या उन्मत्त भक्तिणीच्या) केसांची उपमा आहे, भारी आहे, पण ती परत येत नाही, तिच्यावर पानभर लिहू नका.

या कवितेत सगळे वाऱ्याच्या मागे लागतात. मी म्हणेन पानाच्या मागे लागा. वारा कवितेभर आहे म्हणून त्याच्यावर बोट ठेवणं अवघड जातं, पान मात्र ठरावीक ठिकाणी येतं आणि दर वेळी नवीन काम करतं.

पहिला भाग: खरी पानं. पिवळी, काळी, फिकट, तापाने चढल्यासारखी लाल. मांत्रिकापुढून भुतं पळावीत तशी पळतायत, आणि लगेच त्यांना रोगाने पछाडलेल्या झुंडी म्हटलंय. झुंडी, म्हणजे माणसांचा शब्द पानांना लागला. इथे खूण करा.

दुसरा भाग: पान आकाशात गेलं. ढग हे सडत्या पानांसारखे, आकाश आणि समुद्राच्या गुंतलेल्या फांद्यांवरून झडलेले.

तिसरा भाग: पान पाण्याखाली गेलं. समुद्रतळाचं रान, रस नसलेली पालवी, आणि वाऱ्याचा आवाज ऐकून ती भीतीने पांढरी पडते, स्वतःला ओरबाडून घेते.

चौथा: मीच मेलेलं पान असतो तर.

पाचवा: रानासारखीच माझी पानं झडली तर काय झालं, आणि मग माझे मेलेले विचार वाळल्या पानांसारखे पसरव म्हणजे नवा जन्म लवकर होईल. लगेच पुढे शब्द, राख, ठिणग्या.

आता ही यादी उभी लिहून काढा आणि बघा. जमीन, आकाश, पाणी, मग माणूस, मग त्याचे विचार, मग छापलेला कागद. पान शेवटी वहीचं पान झालंय, आणि त्यासाठी तुम्हाला कुठलीही प्रतीकांची यादी लागली नाही.

सावधान: ‘पान म्हणजे मृत्यू’ असं लिहायचा मोह इथेच होतो. पहिल्या भागापुरतं ते चालेल, पाचव्या भागात ते पान खत झालंय. प्रतीकाला एक अर्थ लावायचा नसतो, कुठून निघून कुठे पोचलं ते लिहायचं असतं.

## टप्पा ५: क्रियापदं

दुसरी पेन्सिल घ्या. आता वाऱ्याकडे वळा, पण वारा ‘काय आहे’ हे नको, वारा ‘काय करतो’ ते बघा.

तो पानं हाकलतो. बिया रथात घालून त्यांच्या थंड अंथरुणाला नेतो, तिथे त्या थडग्यातल्या प्रेतासारख्या पडून राहतात. समुद्राला जागं करतो. पण बिया उगवतात कोणामुळे? पहिला भाग परत वाचा. त्याची वसंतातली निळी बहीण येईल, तुतारीसारखं वाद्य फुंकेल, तेव्हा जमीन जागी होईल. म्हणजे जमिनीला उठवायचं काम या वाऱ्याचं नाहीच! तो बिया जपून ठेवतो एवढंच, म्हणून कवी त्याला नाश करणारा आणि राखणारा म्हणतो, निर्माण करणारा म्हणत नाही. ‘पश्चिम वारा नवजीवन देतो’ हे वाक्य निम्म्या उत्तरांत असतं आणि ते निम्मंच खरं आहे.

आता शेवटच्या ओळींवर या. कवी वाऱ्याला म्हणतो, माझ्या ओठांतून, न जागलेल्या पृथ्वीसाठी भविष्यवाणीचा कर्णा हो. कर्णा! म्हणजे जे काम बहिणीचं होतं ते तो या शरदाच्या वाऱ्याकडून करून घ्यायला निघालाय, वसंत यायच्या आधीच, स्वतःच्या तोंडाने. मला विचाराल तर अख्ख्या कवितेतली सगळ्यात धाडसी मागणी ही आहे, आणि क्रियापदं न तपासणाऱ्याला ती दिसतच नाही.

## टप्पा ६: अर्थ मोडून बघा

जो अर्थ हाताला लागलाय तो स्वतःच मोडायचा प्रयत्न करा. कवितेत त्याच्या विरुद्ध जाणारी एक तरी जागा शोधा.

याला ‘एन्शंट मरिनर’सारखं उदाहरण नाही. गाईडमध्ये ठरलेलं असतं, सूर्य म्हणजे शिक्षा आणि चंद्र म्हणजे कृपा. पटतंही, कारण भर दुपारचा रक्ताळलेला सूर्य तहानलेल्या जहाजावर उभा आहे, आणि चांदण्यात म्हातारा खलाशी पाणसापांना नकळत आशीर्वाद देतो तेव्हा त्याच्या गळ्यात अडकवलेला अल्बट्रॉस (त्यानेच मारलेला मोठा समुद्रपक्षी) गळून पडतो. पण मग त्याच्या जहाजावरचे दोनशे खलाशी एकामागोमाग एक मरतात, त्याला डोळ्यांनी शाप देत, ते कधी? चंद्राखालीच. आणि पुढे मेलेल्यांच्या तोंडून निघालेले गोड सूर उडतात ते सूर्याकडे. म्हणजे सूत्र तुटलं.

तुटलं म्हणून फेकून द्यायचं नाही, वाक्य दुरुस्त करायचं. ‘चंद्र म्हणजे कृपा’ऐवजी ‘एकाच चंद्राखाली शापही घडतो आणि सुटकाही, बदलतो तो बघणारा.’ हे वाक्य लिहिणाऱ्याने कविता वाचलीय हे लगेच कळतं.

अल्बट्रॉसचंही तसंच. ‘निष्पाप निसर्ग’ लिहून मोकळे होऊ नका. पक्षी मारला तेव्हा खलाशी आधी म्हाताऱ्याला शिव्या घालतात की वारा आणणारा पक्षी मारलास, मग धुकं विरतं तसे म्हणतात बरं केलंस, धुकं आणणाराच मेला. पक्षी तोच, सोयीप्रमाणे मत फिरलं. हा भाग उत्तरात आणाच.

तपासणी: तुमच्या अर्थाविरुद्ध जाणारी एक ओळ सापडली का? नाही सापडली तर बहुधा नीट शोधली नाही.

## टप्पा ७: आता चरित्र आणि इतिहास

आता उघडा ते पुस्तक. पण तारखा शेजारी ठेवून.

शेलीच्या बाबतीत १८१९ हे साल पुरेसं बोलतं. जूनमध्ये रोममध्ये त्याचा लहान मुलगा विल्यम गेला. १६ ऑगस्टला मँचेस्टरला पीटरलूचं हत्याकांड झालं, सुधारणा मागायला जमलेल्या गर्दीवर घोडेस्वार घातले गेले, आणि ती बातमी त्याला इटलीत बसून कळली. आता ‘रोगाने पछाडलेल्या झुंडी’ आणि ‘न जागलेली पृथ्वी’ वाचा. इथे क्रांतीचा मुद्दा आला तर तो ओळींना धरून आला. आणि हेही आठवा की हा माणूस त्या गर्दीपासून शेकडो मैल लांब आहे, त्याच्याकडे पाठवायला फक्त कागद आहे. पानाचा प्रवास आठवतोय ना?

तारखांची चूक कशी होते बघा. कीट्सची नाइटिंगेलवरची (रात्री गाणाऱ्या पक्ष्यावरची) कविता १८१९ च्या वसंतातली. पोरं लिहितात की क्षयाने मरायला टेकलेल्या कीट्सने ती लिहिली. त्याला रक्ताची उलटी झाली ती फेब्रुवारी १८२० मध्ये, तो गेला फेब्रुवारी १८२१ मध्ये. त्याआधी क्षयाने गेला होता तो त्याचा भाऊ टॉम, डिसेंबर १८१८ मध्ये, आणि कीट्स स्वतः वैद्यकीचं शिक्षण घेतलेला होता. फिकट, हडकुळा होऊन मरणाऱ्या तरुणाची ओळ तिथून समजून घ्या. तसंच शेली १८२२ मध्ये समुद्रात बुडाला म्हणून तिसऱ्या भागातल्या लाटांत त्याला मरण दिसत होतं, असलं काही लिहू नका, प्लीज.

## टप्पा ८: आशय एका वाक्यात, आणि त्यात ‘पण’ हवा

‘निसर्गप्रेम’ हा आशय नाही. ‘कल्पनाशक्ती’ पण नाही. ते विषय झाले. आशय म्हणजे त्या विषयाबद्दल कविता कुठल्या पेचात सापडलीय ते. म्हणून वाक्यात ‘पण’ घालायची सक्ती करून घ्या.

कीट्स (नाइटिंगेलची कविता): पक्ष्याच्या गाण्याच्या आधाराने कवीला दुःखातून निसटायचंय, पण जितकं जवळ जावं तितकं कळतं की तिथे पोचणं म्हणजे मरणं, आणि मेल्यावर गाणं ऐकू येणार नाही. (म्हणूनच नुसतं ‘पलायनवाद’ लिहिलं की मार्क जातात, कवी शेवटी परत आलाय आणि जागा आहे का झोपेत तेही त्याला कळत नाहीये.)

शेली: वाऱ्याने मला वापरावं असं कवीला वाटतं, पण त्याला ऐकायला लावायला स्वतःच्या शब्दांचा मंत्रच लागतो. म्हणजे वाद्य कोण आणि वाजवणारा कोण हे शेवटपर्यंत सुटत नाही, आणि शेवट होतो तो प्रश्नावर, उत्तरावर नाही.

तपासणी: तुमचं वाक्य दुसऱ्या कुठल्याही रोमँटिक कवितेला जसंच्या तसं लागू पडतंय का? पडत असेल तर खोडा, परत लिहा.

## टप्पा ९: परिच्छेद लिहिणं

उत्तर इंग्रजीत द्यायचं असलं तरी कच्चं मराठीतच करा, विचार स्वच्छ निघतो. एका परिच्छेदात एकच वस्तू आणि क्रम असा: वस्तू पहिल्यांदा कुठे आली, नंतर काय बदललं, विरुद्ध जाणारी जागा, मग आशय. कवीचा जन्म, रोमँटिक चळवळीची वैशिष्ट्यं, फ्रेंच राज्यक्रांती यांची दीड पानी प्रस्तावना नको, परीक्षकाने ती त्याच दिवशी त्याच गठ्ठ्यात पोतंभर वाचलेली असते.

तुलना करायची असेल तर मराठीतून केशवसुतांची ‘तुतारी’ (१८९३) हाताशी आहे. पण ‘शेलीचा प्रभाव’ लिहून सोडू नका, तो सिद्ध करणं हे वेगळं काम आहे आणि पाच मार्कांत होत नाही. त्यापेक्षा दोन्ही कवितांत श्वास कोणाचा आहे ते बघा. केशवसुतांचा कवी तुतारी मागतो आणि ती स्वतःच्या प्राणाने फुंकीन म्हणतो. शेलीचा कवी ओठ देतो आणि श्वास वाऱ्याकडे मागतो. एवढे दोनच मुद्दे ओळींसकट लिहिलेत तर तुलनेचा परिच्छेद झाला.

सरावाला परत ‘द सिक रोज’ घ्या. आठच ओळी असल्याने चौथ्या टप्प्यातला तीनदा येण्याचा नियम तिथे चालणार नाही, म्हणून सरळ पाचव्यावर जा, किड्याची क्रियापदं काढा, आणि गुलाब स्वतः काही करतो का ते शोधा.